एकशे चार

एकशे चार.

दातांच्या दवाखान्यातली खुर्ची, पाय बोल्टने आवळलेले.

भाऊजींची शिट्टी.

जॅकचा दांडा, एका बाजूला जड.

"वजन पेलतील ना रे?"

यातलं शेवटून दुसरं, जॅकच्या दांड्याचं, कालच घडलं होतं, पण कळलं सगळ्यात उशिरा. टायरच्या दुकानात एकटाच बसलेल्या बहाद्दरला ते सकाळी साडेदहाला कळलं. हातात पाना होता, समोर एक टेम्पो. त्याने टेम्पोचं मागचं चाक उचलायला दांडा दाबला, हाताला ओझं लागलं, आणि हाताला काल संध्याकाळ आठवली.

काल ताईची गाडी होती. ताई दातांची डॉक्टर. डोंगरातल्या वाड्यांवर दवाखाना घेऊन जायचं तिचं वर्षभर चाललं होतं. भाऊजींनी त्यासाठी एसयूव्ही घेतली, रस्ते वाईट म्हणून तीन इंच उचलून घेतली, आणि मागे खुर्ची, जनरेटर, पाण्याची टाकी बसवली. मग त्यांना टायर रुंद हवे झाले. दुकानातले दांडगे, खाचाखाचांचे चार टायर पाहून त्यांनी शिट्टी मारली.

टायरच्या अंगावर मापाशेजारी एक आकडा असतो. ते चाक किती ओझं वाहील हे त्यावरून कळतं. दांडग्या टायरवर एकशे चार होता, म्हणजे नऊशे किलो. गाडीच्या दाराच्या चौकटीत कंपनीने चिकटवलेल्या कागदावर एकशे तेरा, म्हणजे साडेअकराशे. कंपनीवाले भित्रेच, जास्तच लिहितात, असं भाऊजी म्हणाले. ताईने मात्र विचारलं, वजन पेलतील ना रे.

घरात त्याला आकडेबहाद्दर उगाच म्हणत नव्हते. तिचं वाक्य संपायच्या आत त्याचा हिशोब झाला होता. सामान, माणसं धरून गाडी तेहतीसशे. नऊशे चोक छत्तीसशे. तीनशे शिल्लक. पेलतील.

पण गाडी काही चार भावंडांत वाटलेली जमीन नव्हे. सगळं ओझं मागे होतं. पुढचं चाक उचलताना दांडा बोटांनी दाबला गेला होता. मागचं उचलताना त्याने अंग टाकलं होतं. हाताला काल कळलं. डोकं मात्र स्वतःवरच खूष होतं.

ताई-भाऊजी आज सकाळीच वाड्यांकडे निघाले होते. फोन लागेना. ताईचा बंद, भाऊजींचा संपर्काबाहेर. टेम्पोवाल्याला त्याने सांगितलं, काका, तासाभरात येतो. काका म्हणाले, तुझा तास मला ठाऊक आहे. काल रिमसकट काढलेले ताईचे जुने टायर मागे पडले होते. चारही त्याने स्वतःच्या पिकअपमध्ये फेकले. शटर अर्धंच ओढलं. पुढच्या वळणावर ते आठवलं, तरी मागे फिरला नाही.

वाटेत त्याने किती वेळा नऊशे दुणे अठराशे केलं देव जाणे. मागे साडेएकोणीसशे तरी असणार. चढावर आणखी. वळणावर आणखी.

घाटाच्या पायथ्याच्या पंपावर गाडी उभी दिसली. भाऊजी काच पुसत होते. त्याने राम राम न करता मागच्या टायरला हात लावला आणि झटक्यात काढून घेतला. पोळला. दुसऱ्या टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा आला होता.

भाऊजींनी फुगा पाहिला, तरी म्हणाले की जुने लावले तर गाडी काडीपैलवान दिसेल.

"लोक माझ्याकडे दात दाखवायला येतात," ताई म्हणाली, "गाडी बघायला नाही. उतरवा."

मग भाऊजीही निमूट बोल्ट सोडू लागले. तिघांनी मिळून चारही चाकं बदलली. मागचं उचलताना दांड्यावर ताईनेही भार टाकला, आणि तिथेच, दांडा न सोडता, तिने विचारलं.

"काल मी विचारलं, तेव्हा वजन केलं होतंस?"

"केलं होतं."

"कुठे?"

तो बोल्ट आवळत राहिला. आवळलेलाच पुन्हा आवळला.

"डोक्यात."

 ताईने फुगा आलेला टायर उचलून त्याच्या पिकअपमध्ये ठेवला, त्याच्या सीटशेजारी, परतताना दिसेल असा.

गाड्यांचा वजनकाटा दुकानापासून चार मिनिटांवर आहे, आणि काल संध्याकाळी तो उघडा होता.