थंडीला भिणारा पॉवर सप्लाय

नारीन या डोंगरातल्या थंडगार शहराच्या बाजारात सायराकुलचं फोटोचं दुकान एका जुन्या लोखंडी कंटेनरमध्ये होतं. उन्हाळ्यात आत माणूस भाजून निघायचा आणि हिवाळ्यात गोठून जायचा, मधलं काही नाही. त्या जानेवारीत कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळाला. सायराकुलनं बाजारातल्याच एमिलबेककडून कोरा करकरीत नवा आणला आणि शेगडीच्या उबेत बसून स्वतःच बसवला. संध्याकाळपर्यंत छान चालला. सकाळी बटण दाबलं तर ढिम्म.

तिनं प्लग बदलून पाहिला, मागचं छोटं बटण खालीवर केलं, आतल्या सगळ्या वायरी काढून पुन्हा खोचल्या. शेवटी पॉवर सप्लायच बाहेर काढला आणि केसांतली पिन वाकवून त्याची हिरवी आणि काळी वायर जोडली. एवढ्यानं पंखा फिरायला हवा. फिरला नाही. दुपारी शेगडी रसरसल्यावर तिनं सहज पुन्हा पिन लावली, तर पंखा भुर्रकन सुरू! दुसऱ्या सकाळी पुन्हा मढं. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला: हा बाबा थंडीला भितो.

त्याच सकाळी तेमिरकान अता पासपोर्टचा फोटो काढायला आले. अता म्हणजे आजोबा; हे अता सगळा जन्म मेंढरांमागे घालवलेले. नातवाच्या लग्नासाठी परदेशी निघाले होते.

"अता, थांबावं लागेल. मशीन गारठलंय."

"आजारी आहे?"

"नाही हो, नवीन आहे. ऊब लागल्याशिवाय उठत नाही."

"मग आण इकडे," म्हणत अतांनी मेंढीच्या कातड्याच्या कोटाची बटणं सोडली. "गारठलेलं कोकरू असंच धरतात. शेगडीजवळ ठेवलंस तर एक बाजू भाजेल अन् एक गारच राहील."

ती नको नको म्हणेपर्यंत पॉवर सप्लाय कोटात गेला. वायरी गळ्याशी बाहेर लोंबत होत्या. अता त्याला हळूहळू थोपटायला लागले. वेळ फुकट जाऊ नये म्हणून सायराकुलनं तेवढ्यात फोटो काढून घेतला. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं, पण अतांच्या चेहऱ्यावरची माया काही केल्या जाईना. तीनदा काढला, तिन्ही वेळा तेच.

"अता, जरा कडक बघा ना!"

"कुशीत लेकरू असताना कसं बघू कडक?"

थोड्या वेळानं पॉवर सप्लाय बसवला, तर कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात चालू. अता विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघ! आता हे बदलून आण. दर सकाळी मी यायचा नाही."

दोघं एमिलबेककडे गेली. त्याच्या दुकानात हीटर असा पेटलेला की खिडक्यांना घाम सुटला होता. रांगेत उभं राहून त्यांची पाळी आली तोवर पॉवर सप्लाय चांगला उबदार झालेला. एमिलबेकनं वायरी जोडल्या, पंखा फिरला.

"एजे, चालतोय की! कशाला बिचाऱ्याला बदनाम करता, ताई?"

सायराकुल तो उचलून बाहेर आली. पॉवर सप्लाय तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला आणि दाराशेजारच्या बर्फाच्या ढिगात पुरला. अता पहाऱ्याला बसले. येणारे-जाणारे विचारत, "अता, कोण गेलं?" अता गंभीरपणे सांगत, "अजून गेला नाही. जातोय." दोघाचौघांनी तर टोप्या काढल्या.

चांगला गारठल्यावर तिनं उकरून आत नेला. पंखा हलला नाही.

"तुम्ही माल बर्फात पुरला!" एमिलबेक ओरडला. "गॅरंटी गेली!"

"पिशवी बघ, पाण्याचा थेंब नाही. आणि भावा, हे नारीन आहे. तुझी गॅरंटी काय कलिंगडासारखी उन्हाळ्यातच लागते?"

रांगेतली माणसं खो खो हसली. एमिलबेकचे कान लाल झाले. रागारागानं मागच्या गार कोठारातून तो त्याच खोक्यातला दुसरा पॉवर सप्लाय घेऊन आला. सील फोडलं. मढं. तिसरा आणला. तोही मढं. मग तिसऱ्याला हीटरवर धरला, तेव्हा तो टुणकन उठला. एमिलबेक मटकन स्टुलावर बसला.

"सगळं खोकंच असलं," तो पुटपुटला.

"सगळ्यांना कोट लागतील," अता म्हणाले.

शेवटी त्यानं दुसऱ्या कंपनीचा एक जड पॉवर सप्लाय काढला. सायराकुल म्हणाली, "आधी बर्फ." मग काय, तोही पिशवीत बांधून बर्फात गेला, आणि या वेळी पहाऱ्याला तिघं बसली. एमिलबेकनं चहा आणला. उकरल्यावर पंखा फिरला, तशा रांगेतल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. अता मात्र जुन्याकडे वळून वळून बघत होते.

दोन दिवसांनी एमिलबेक सायराकुलच्या दुकानात आला. तोंडात मारल्यासारखा चेहरा.

"एजे, एक पाटी छापून द्या. मोठ्या अक्षरांत. 'उन्हाळी माल'."

"हे काय?"

"खोकं खाली ओश शहरात पाठवतोय. तिकडे हवा उबदार असते."

"आणि हिवाळ्यात?"

"तिकडेही कोटवाली म्हातारी माणसं असतीलच की, एजे."