खिडकीच्या रंगाचं घड्याळ

बूढापारा मोहल्ल्यातलं भाड्याचं घर सोडून नव्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं आणि सचिनने आईला न विचारता नागपूरहून निरंजन नावाचा जाणकार बोलावला. शहर नव्या राज्याची राजधानी झालं होतं, साहेबलोकांचे बंगले उठत होते, जुन्या वस्तूंना भाव आला होता.

निरंजनने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, आत बॅटरीचा झोत मारला. मागच्या फळीवर कारखान्याचा पिवळा कागद चिकटलेला होता.

"अमेरिकेचं आहे. शंभर वर्षांचं तरी. हा कागद, जुनं पॉलिश, लंबकावरचा काळपटपणा, यातच किंमत आहे. पुसूसुद्धा नका. दिवाळीनंतर येऊन किंमत सांगतो."

सचिनची आई, मंदाकिनीबाई, दारातून ऐकत होत्या. त्यांचे यजमान देवीदास रेल्वेत होते. दर रविवारी आंघोळ करून घड्याळाला चावी द्यायचे. ते गेल्यावर चावी बाईंच्या पदराच्या गाठीत आली. टिकटिक थांबली की घर खायला उठायचं. पोरगा घड्याळ विकणार, हे त्यांनी पक्कं धरलं. विचारलं मात्र नाही. पोराला विचारायचं म्हणजे त्याच्यापुढे हात पसरायचा, अशा समजुतीत आपल्या बायका म्हाताऱ्या होतात.

दिवाळीची साफसफाई निघाली. त्या दिवसांत घासणाऱ्या बाईला कोण अडवतं? त्यांनी लंबक चिंचेने लखलखीत केला, कागद ओल्या फडक्याने भिजवून खरवडून काढला आणि खिडक्यांचा उरलेला हिरवा ऑइलपेंट लाकडाला फासला.

निरंजन आला आणि डोक्याला हात लावून बसला. "काकू, काय करून ठेवलं हे?"

"दिवाळी होती न, भाऊ. सारंच पुसलं."

"आता हे भंगारातच जाईल."

यजमान गेल्यानंतर मंदाकिनीबाई पहिल्यांदाच मनापासून हसल्या. संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली.

सामान हलवायच्या दिवशी भिंत रिकामी दिसली.

"सचिन, घडी कुठं गेली रे?"

"दे दिया, आई. भनपुरीचा कबाडी आला होता."

"काहून?"

"तुह्या सुनेले, कौमुदीले, नव्या हॉलमध्ये जुनं काहीच नको होतं. मले वाटलं, महाग निघाली तर तिचं तोंड बंद होईल, बाबांची घडी एकदम समोर लावीन. म्हणून तर त्या माणसाले बोलावलं होतं. आता हिरवं खोकं कोणत्या तोंडानं लावू?"

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवून राहिला होता. मंदाकिनीबाईंनी पदराची गाठ चाचपली.

"चावी तर माह्याजवळच राहिली."

"फेक ना आता, आई," सचिन म्हणाला आणि गादी उचलून बाहेर गेला.