पूजेतली बंदूक

आश्विनातलं तिरकं ऊन बेलवली गावापलीकडच्या, गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधावर पिवळं होऊन पसरलं, की मला सुमनआत्याची करंगळी दिसते. रायफलचा बोल्ट मागे ओढून, काडतूस बसतं त्या खोबणीच्या तोंडाशी ती करंगळी फिरवून बघायची. डोळ्यांनी नीट बघून झाल्यावरही. डोळ्यांवर तिचा विश्वासच नव्हता.

माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण तिथल्या छोट्या नेमबाजी केंद्रात शिकवायची. एरवी बोलण्यात मृदू, चालण्यात संथ. पण फायरिंग लाइनवर आली की वेगळीच बाई. "नळी कुठे? बांधाकडे! बोट चापाबाहेर!" उल्हासनगरच्या पोरांना त्यांच्याच भाषेत, "खाली है मत बोल, खोल के दिखा." कोणी टार्गेट बदलायला पुढे निघालं, की सगळ्या बंदुका खाली, बोल्ट उघडे; तोवर कुणाची हलायची बिशाद नव्हती. आणि दिवसभर गोळ्यांचे आवाज ऐकणारी ही बाई, बांधाला थडकून परतणाऱ्या आवाजाला मात्र रोज नव्याने दचकायची. घरी तर कमालच. सुरी, कात्री, मिटलेली छत्रीसुद्धा समोरच्याकडे टोक करून कधी देत नसे. मी हसायचे. आई हसत नसे.

आईला तो दसरा आठवायचा. बाबा उल्हासनगरच्या कॅम्प तीन वस्तीत एका सराफाच्या दुकानावर रखवालदार. खंडेनवमीला ड्यूटीवरून थेट आमच्या बुवापाड्याच्या घरी आले आणि त्यांची दुनाळी बंदूक तशीच, भरलेली, पाटावर ठेवली गेली. हळदकुंकू, झेंडूची माळ. पूजेतल्या शस्त्राला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मग उघडून बघणार कोण? आत्या तेव्हा कॉलेजच्या नेमबाजी संघात होती, तिला सगळं ठाऊक होतं; पण देवासमोरच्या वस्तूवर संशय घ्यावा हे तिच्याही मनात आलं नाही. दसऱ्याच्या सकाळी तिनेच बंदूक उचलून भावाच्या हाती दिली. त्यांनी माळ ओढली, आणि दोरा चापात अडकला होता. बार उडाला, आणि बाबा तिथेच गेले. जळली मेली ती माळ! मी तेव्हा रांगत होते.

मोठी झाल्यावर मी हट्ट धरला, मला शिकव. अख्ख्या गावाला शिकवणारी आत्या मलाच नाही म्हणायची. "तुझ्या हातात मी बंदूक देणार नाही, बस." मी कधीतरी जाब विचारेन, ही भीती तिच्या डोळ्यांत कायम असे. मला जाब विचारायचाच नव्हता गं. तुझ्यावर राग नाही, एवढंच सांगायचं होतं, आणि घरात, आईसमोर, ते ओठांवर येत नसे.

गेल्या हिवाळ्यात दुखण्याने ती पार वाळली, तेव्हा तिने मला एकदाचं लाइनवर बोलावलं. करंगळी स्वतः फिरवली, मग मला फिरवायला लावली. रायफल माझ्याकडे देताना तिने नळी पुन्हा एकदा बांधाकडे वळवली, आणि मला रडूच कोसळलं. "आत्या, माझा तुझ्यावर राग नाही. कधीच नव्हता." तिने समोर बघत मान हलवली. तिच्या कानांवर आवाज अडवणारी जाड आवरणं होती, आणि शेजारी गोळ्या सुटत होत्या.

महिन्याभरात ती गेली. काळ जखम भरतो की नाही, मला माहीत नाही. उत्तर देऊ शकणारं एकुलतं एक माणूस मात्र तो उचलून नेतो, आणि आपण उरलेला जन्म त्या हललेल्या मानेकडे बघत राहतो: तिने ऐकलं होतं, की मी गोळी झाडायला तयार आहे म्हणाले, एवढंच तिला वाटलं होतं?