नळी गेली नाही

दिवसातलं दुसरं सिझेरियन आटोपून डॉ. सायमा शेख ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आली. चंद्रपूरला वडील, बाबूभाई, तिची वाट पाहत होते. या सुट्टीला नक्की येते, असं तिनं त्यांना मागच्याही वेळी सांगितलं होतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या रुग्णालयात भूल देणारी ती एकटीच. शेजारच्या तालुक्यात तेवढंही कोणी नव्हतं, म्हणून तिथली धावपळही तिच्याच गळ्यात. हल्ली सकाळी डोळे उघडले की आपण कोणत्या गावात आहोत, हे तिला क्षणभर आठवावं लागे.

पायांतल्या थिएटरच्या चपला काढतच होती, तेवढ्यात धुरपता सिस्टर आल्या.

"मॅडम, मुलचेऱ्याकडून बाई आली. पहिलंच बाळंतपण. गाडीतच झटके आले तिले."

सायमानं चपला पुन्हा पायांत सरकवल्या.

बाईचं नाव रिना. चेहरा इतका सुजलेला की डोळ्यांच्या फटी तेवढ्या दिसत होत्या. झटक्यांत जीभ चावली गेली होती, हिरड्यांतून रक्त पाझरत होतं. झटके थांबवायचं इंजेक्शन सुरू झालेलं, रक्तदाब मात्र उतरायला तयार नव्हता. बाळंतपणाच्या डॉक्टर, दिव्यानी गेडाम, पोटावर यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकत होत्या.

"ठोके कमी होऊन राह्यले," त्या म्हणाल्या. "चंद्रपूरले पाठवायचं म्हटलं तर बाळ रस्त्यातच जाईल. पाठीत भूल देऊन टाकतेस?"

"पाठीत नाही देता येणार. रक्त गोठतच नाहीये तिचं. मणक्यात रक्त साचलं तर पाय जातील."

म्हणजे पूर्ण भूल. पूर्ण भूल म्हणजे घशातून श्वासनळीत नळी. सायमानं टॉर्च मारून रिनाच्या तोंडात पाहिलं. सुजलेल्या जिभेनं सगळं तोंड भरून गेलं होतं, पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. भीतीचंही आता ओझंच वाटायला लागलंय, असं सायमाच्या मनात आलं.

दाराशी रिनाची सासू अंजनाबाई आणि नवरा विक्की उभे होते.

"काही खाल्लंय का हिनं?" सायमानं विचारलं.

"नाई जी," अंजनाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "सकारपासून पाणीबी नाई घेतलं."

सायमा मान हलवून आत गेली.

टेबलावर घेतल्यावर तिनं रिनाचं डोकं आणि खांदे उशा लावून उंच केले, तोंडावर मास्क धरून भरपूर ऑक्सिजन दिला. दिव्यानी हातात सुरी घेऊन तयार. पोटातलं काही वर येऊ नये म्हणून धुरपता सिस्टरनी गळ्यावर बोटांनी दाब धरला. सायमानं औषध दिलं. रिनाचा देह सैल पडला, श्वास थांबला.

आता तो श्वास सायमाचा होता.

तिनं जीभ बाजूला सारून घसा पाहायच्या यंत्राचं पातं आत घातलं. गुलाबी सूज, रक्त, फेस. श्वासनळीचं तोंड कुठंच दिसेना. पुन्हा ऑक्सिजन दिला, डोक्याची ठेवण बदलली, नळीला वाट दाखवणारी बारीक सळई घेऊन अंदाजानं चाचपलं. सळई अडली. नळी गेली नाही. मॉनिटरचा आवाज खालच्या सुरात उतरू लागला. ऑक्सिजन कमी होत होता.

अजून एकदा, असं तिच्या हाताला वाटत होतं. एवढं केलंय, अजून एकदाच. पण प्रत्येक खटपटीनं सूज वाढते, रक्त वाढतं, आणि मग मास्कनंही हवा आत जाईनाशी होते. तिनं पातं बाजूला ठेवलं.

"नळी गेली नाही," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी आता प्रयत्न करणार नाही. सिस्टर, घशात बसवायचा मास्क द्या. दाब जरा सैल करा."

मऊ रबरी मास्क जिभेवरून सरकत घशाच्या तळाशी जाऊन बसला. तिनं पिशवी दाबली. रिनाची छाती वर आली. मॉनिटरचा सूर हळूहळू चढू लागला.

"उठवायचं का तिले?" दिव्यानीनं विचारलं.

सायमानं रिनाकडे पाहिलं, मग बाळाच्या ठोक्यांच्या आकड्याकडे. हा मास्क पोटातलं पाणी फुप्फुसात जाण्यापासून नळीसारखा रोखत नाही. पण उठवलं तर बाळ जाणार, आणि ही पुन्हा झटक्यांत जाणार.

"कर सुरू. पोट जोरात दाबू नकोस."

मुलगी झाली. आधी निपचित, मग चिडून रडली. सायमानं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. एक हात मास्कवर, एक पिशवीवर.

टाके झाले. रिना शुद्धीवर येऊ लागली आणि तिला उलटी झाली. भात होता. कुशीवर वळवून, सक्शनच्या नळीनं ओढून सगळं काढलं, तरी थोडं फुप्फुसात गेलंच. छातीत घुरघुर ऐकू येऊ लागली. इथं व्हेंटिलेटर नव्हता. चंद्रपूरला न्यायलाच हवं होतं.

रुग्णवाहिकेत सायमा स्वतः बसली. आष्टीजवळ सूरजागडच्या लोहखाणीकडून येणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. ड्रायव्हर भोंगा वाजवत कडेच्या मातीतून गाडी काढत होता. रिनाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरून सायमाच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. समोर अंजनाबाई पदर तोंडात धरून बसलेल्या.

"मॅडम," त्या एकदम म्हणाल्या, "मी खोटं बोलली. गाडीत बसायच्या आधी मीच चारला तिले भात. भरल्या पोटी ऑपरेशन करत नाईत, परत पाठवतेत म्हणे. म्हणून नाई म्हटलं..."

सायमाला चिडता आलं असतं. तेवढी ताकद उरली नव्हती.

"बाई, बाळंतिणीचं पोट भरलेलंच आहे असं समजूनच आम्ही भूल देतो. तुम्ही खरं बोलला असता तरी मी हेच केलं असतं. मास्क धरता का जरा? असा. घट्ट."

अंजनाबाईंनी दोन्ही हातांनी मास्क धरला. सायमानं बोटं मोकळी केली.

रिना काही दिवस व्हेंटिलेटरवर राहिली. फुप्फुसाला सूज होती, ताप होता, एका सकाळी तर वाईट बातमीच्या भीतीनं दिव्यानीनं चंद्रपूरला फोन करून विचारायचंही टाळलं. मग ताप उतरला. सायमा पुढच्या खेपेला चंद्रपूरला आली, तेव्हा रिना वॉर्डात उशीला टेकून मुलीला पाजत होती. आवाज घोगरा झाला होता.

"घसा काऊन दुखते जी एवढा?" तिनं विचारलं.

सायमानं सगळं सांगितलं. मग विक्कीलाही जवळ बोलावलं.

"पुढं कधीही, कोणतंही ऑपरेशन असलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी हे सांगायचं. सुईच्याही आधी. काय सांगायचं?"

"मले नळी जात नाई," रिना म्हणाली.

"गेली नव्हती, म्हणायचं. पहिल्या बाळाच्या वेळी, झटक्यांत, तोंड सुजलं होतं तेव्हा. पुन्हा म्हण."

रिनानं पुन्हा म्हटलं. विक्कीनं म्हटलं. अंजनाबाईंनी कोणी न विचारता म्हटलं, आणि मध्येच अडखळल्या. सायमानं त्यांना पहिल्यापासून म्हणायला लावलं.