किसनरावांच्या तारणाची तारीख

सुमित्राबाई साळव्यांचं डोकं दुपारपासून सणकलं होतं. आणि का सणकू नये? उद्या नवऱ्याच्या, किसनरावांच्या, हृदयाचं ऑपरेशन, आणि आज तो भिंतीकडे तोंड करून पडलाय अन् म्हणतोय, "मी जात नाय."

सगळं त्या कुलदीपमुळे. त्यांच्या चर्चच्या मंडळीत नवा आलेला उपदेशक, जेमतेम पंचविशीचा. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला म्हणून नेरूळच्या त्यांच्या फ्लॅटवर आला, चहा प्याला, आणि विचारलं काय? "काका, तुमचं तारण कुठल्या दिवशी झालं? पापातून सुटून प्रभूचे झालात ती तारीख सांगा." किसनराव गांगरले. आजोबांपासून घर ख्रिस्ती. नगरकडे आईच्या मांडीवर बसून गीतं ऐकलेला माणूस, तो तारीख कुठून आणणार? "ठाऊक नाय," म्हणाले. तर हा हळूच म्हणतो, "मग खात्री कशी, काका?"

झालं! जन्मभर उपासनेत पेटी वाजवलेला माणूस त्या एका वाक्यानं खचला. "सुमे, टेबलावरच मेलो तर? अन् प्रभूनं मला वळखलंच नाय तर? हे पक्कं होईस्तोवर मी छातीला सुरी लावू देणार नाय."

बाईंनी तडक फोन लावला. "ब्रदर, असशील तिथून उलट्या पावली ये. नाहीतर मी येते, अन् भर उपासनेत येते."

आला बिचारा. बाईंनी त्याला दारातच फैलावर घेतलं. "लोक आजाऱ्याला फळं आणतात, तू भीती घेऊन आलास! कोण रे तू, स्वर्गाचा वॉचमन?"

"मावशी, मला तसं म्हणायचं..."

"गप! आधी तुझी तारीख सांग."

कुलदीपनं मान खाली घातली. "तीन आहेत."

"तीन? तीनदा जन्मलास काय रे?"

"दर शिबिरात 'प्रभूला स्वीकारतो' म्हणून हात वर करतो, मावशी. घरी आलो की वाटतं, ते खरं नव्हतं."

बाईंनी त्याला दंडाला धरून आत किसनरावांच्या खोलीत आणलं. पण राग गेला म्हणाल तर छे! उलट वाढला, कारण आता तो काढायचा कुणावर तेच कळेना. खरं सांगायचं तर तारीख त्यांच्याकडेही नव्हती. दुपारपासून त्या पोराला शिव्या घालत होत्या त्या स्वतःच्याच भीतीपायी. नवरा उद्या गेलाच, तर कुठं गेला म्हणून मनाला समजवायचं?

त्यांनी शेल्फावरचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ओढलं, त्यातलं योहानाचं शुभवर्तमान काढलं आणि भांडायच्या आवाजातच वाचायला लागल्या. मेंढरं, मेंढपाळ, सार्वकालिक जीवन. 'त्यांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही', इथं आल्या अन् थांबल्या. तेवढंच पुन्हा वाचलं.

"कुणाच्या हातातून रे?"

"प्रभूच्या."

"मग आपण आपलेच हात काय चाचपत बसलोय, मेल्यांनो? मेंढपाळानं कधी उचललं ते मेंढराला ठाऊक असतं व्हय?" बाईंचा आवाज फाटला. रडू आलं, आणि रडू आल्याचाही संताप आला. तशातच त्यांनी सासूबाई म्हणायच्या ते गीत धरलं:

"निसटे माझी मूठ, देवा, तुझी मूठ निसटेना,
हरवे माझी वाट, तरी तुझी नजर हटेना."

भिंतीकडे तोंड करूनच किसनराव खेकसले, "लई वरच्या पट्टीत घेतलंस." आणि खालच्या पट्टीत स्वतः म्हणायला लागले. दम लागला की थांबायचे, मग पुन्हा धरायचे. कुलदीपला ते गीत येत नव्हतं. तो नुसता टाळ्यांनी ठेका धरून रडत होता.

गीत संपलं तसे किसनराव उठून बसले.

"डॉक्टर म्हनला, भूल दिली की मानसाला कायबी आठवत नाय. सोताचं नावबी नाय."

"मग? आता त्याचीही भीती का?" बाई कडाडल्या.

"मला नाय आठवलं तरी प्रभूला आठवंल की. दवाखान्याची पिशवी भर, सुमे."