नारळाचा खड्डा आणि पाण्याचा पीळ

मी एक जुनी भिंत आहे. पण नुसती जुनी म्हणाल तर ऐकून घेणार नाही. एकोडीच्या तलावातून निघालेला पाट जिथे वळतो, तिथे बाहेरच्या अंगाला कमान घेऊन मी उभी आहे. पाण्याचा सारा रेटा माझ्या पोटावर, आणि पाठीशी आनंदाबाईच्या धानाच्या बांध्या. मी ढळले, की तिचा रोवणा, लावलेले सारे धान, वाहून गेलेच समजा.

कवडू मिस्त्रीने मला बांधले तेव्हा ओल्या सिमेंटवर इतका हात फिरवला, की मुंगी घसरावी. मित्रांनो, अशा पाण्याच्या बाजूने खोलगट वळलेल्या भिंतीशी पाणी स्वस्थ बसत नाही. त्याला पीळ खायची खोड. नुसते निमित्त हवे असते. माझ्या गुळगुळीत अंगावर ते मिळायचे नाही, म्हणून बिचारे मुकाट्याने निघून जाई. लोक म्हणत, "भिंत असावी तर अशी!" मी कशाला नाही म्हणू?

पण पाट सोडायच्या दिवशी आमच्याकडे नारळ फुटतो, आणि तो फोडते आनंदाबाई. फोडायचा कुठे? माझ्याच पोटावर! दर साली एक टवका उडाला, खड्डा पडला, आतली खडी उघडी झाली. मान माझा, मारही माझाच.

पाण्याला निमित्त सापडले. त्या खरबरीत जागी अडखळले, की पुढे ते दोरासारखे पिळत जाई. एकाला लागून दुसरा दोर. एक इकडे फिरणारा, एक तिकडे. जिथे दोघे मिळून अंगावर येत, तिथे मला खरवडून काढत. पायाची माती सुटू लागली. जिवाला थारा म्हणून राहिला नाही.

यंदा पाठीकडून पाझर फुटला.

"खेकड्यानं बीळ केलं, माय," आनंदाबाईचा मंगेश म्हणाला.

"खेकड्याले कायले बदनाम करून राहिला? आन भिजवलेला कोंडा. बीळ असन तर तिकडं ओढला जाईन."

कोंडा सोडला. खड्ड्यापर्यंत तो सारखा पसरून आला. खड्डा ओलांडला आणि त्या दोरांच्या ओढीने माझ्या अंगावरून रेघारेघांनी धावला. बीळ कुठेच नव्हते.

"माय, रेघा तर तुह्या नारळापासून निघून राहिल्या!"

"मले डोळे हायेत," ती फणकारली. मग कवडूला बोलावणे धाडले.

पाट बंद झाला. धान तहानेले उभे. म्हाताऱ्या कवडूने पाया भरला, खड्डा बुजवला.

"घोट अजून! हाताले टोचते," आनंदाबाई त्याच्या डोक्यावर उभी.

"बाई, एवढा तर लेकराचा गालही नाही घोटला कोणी!"

पुन्हा पाट सोडायची वेळ आली. सवयीने तिचा नारळाचा हात माझ्यावर उगारला गेला. मी आकसले. हात तसाच थांबला. ती वाकली आणि नारळ पाटात उतरायच्या पायरीच्या दगडावर फोडला. ओला तळवा माझ्या पोटावरून फिरवला, हळद लावली.

मित्रांनो, ज्याला मान देता त्याच्या अंगावरून आधी हात फिरवून पाहा. टोचले तर ते बुजवा, हळदकुंकू मग. पाणी आजही येऊन मला चाचपते, निमित्त शोधते. मीही डोळ्याला डोळा लावत नाही.