कोरडे हात

पत्रे कापायचं लेसर मशीन मध्येच थांबलं आणि ऑपरेटरने हाक मारली, "काका, परत गेली."

काय गेली हे विचारायची गरज नव्हती. भिंगवाले हातातलं काम ठेवून निघाले. पत्रा अर्धा कापून झाला होता. कापाची सुरुवात स्वच्छ होती, पण पुढे कड फाटत आणि वितळत गेली होती. त्यांनी लेसरचं डोकं बाहेरून पुसलं, बाजूचा लहानसा खण ओढला, आत धूळ जाऊ नये म्हणून उघड्या फटीवर लगेच चिकटपट्टी लावली आणि खणातली काच उजेडात धरली. मधोमध करडा ठिपका होता आणि त्याच्याभोवती तडे. काच कालच बसवलेली होती, आणि बसवली होती त्यांनीच.

ही काच म्हणजे मोठ्या नाण्याएवढी गोल चकती. वर महागाचं भिंग, खाली पेटलेला पत्रा आणि मध्ये ही. धूर, ठिणग्या, उडालेलं लोखंड, जे काही येईल ते हिने अंगावर घ्यायचं आणि भिंगाला धक्का लागू द्यायचा नाही. पण हिच्यावरच डाग राहिला तर किरण तिथे अडतो, काच तापते आणि तडकते. डाग डोळ्यांना दिसेलच असंही नाही. म्हणून कारखान्याच्या कोपऱ्यातल्या एका बंद खोलीत एक माणूस दिवसभर काचा पुसत बसायचा. त्यांना सगळे भिंगवाले म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

कामाचे नियम त्यांच्या अंगात मुरले होते. काळ्या फडक्यावर काच ठेवायची, बॅटरीचा झोत तिरका टाकायचा, स्पिरिटचा बोळा मधून बाहेर गोल फिरवायचा आणि एकदा वापरलेल्या बोळ्याला पुन्हा हात लावायचा नाही. तोंडाने फुंकर तर मुळीच मारायची नाही, कारण फुंकरीबरोबर थुंकी उडते. एखादा पाहुणा चष्म्यावर तोंडाची वाफ सोडून सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागला की भिंगवाले तिथून उठून जात. केसांना तेल नाही, हातांना क्रीम नाही, थंडीत बोटांना भेगा पडल्या तरी मलम नाही. बायको चारचौघांत सांगायची, "यांच्या हातांचे जेवढे नखरे आहेत तेवढे माझ्या बहिणीने लग्नातही केले नव्हते." भिंगवाल्यांना हे ऐकून बरंच वाटायचं.

मग एका सकाळी बायकोच्या हातून कपबशी पडली आणि ती उचलायला हात पुढे गेलाच नाही. अर्धं अंग गेलं. इस्पितळातून घरी आल्यावर पाय हळूहळू सुधारला, भिंत धरून ती चालू लागली. बोलणंही आलं, फक्त सावकाश. उजवा हात मात्र छातीशी दुमडलेला राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हा हात आता कामाला येणार नाही. पण सकाळ-संध्याकाळ तेल लावून चोळला तर आखडणार नाही, ठणकणार नाही, झोप लागेल. तेलाऐवजी पावडर चालेल का, असं भिंगवाल्यांनी विचारून पाहिलं. मग त्यांना स्वतःलाच आठवलं की काचेच्या खोलीत पावडर म्हणजे तेलापेक्षा वाईट. मुलगा आणि सून दुसऱ्या शहरात होते. तेव्हा तेलाची वाटी भिंगवाल्यांच्याच हातात आली. मालिश झाली की ते साबणाने हात धूत, मग भांड्यांच्या पावडरने, मग कामावर पोचल्यावर स्पिरिटने. त्यावर हातमोजे.

त्यानंतरच काचा जायला लागल्या होत्या. सगळ्यांचा संशय हवेवर गेला. लेसरच्या डोक्यातून सतत जोराची हवा सोडलेली असते आणि त्या हवेत कॉम्प्रेसरचं तेल उतरलं तर कितीही पुसा, काच टिकत नाही. भिंगवाल्यांनीही हेच सांगितलं. सुपरवायझरने सगळ्यांसमोर कॉम्प्रेसरवाल्याची खरडपट्टी काढली. हा कॉम्प्रेसरवाला भिंगवाल्यांच्या वयाचा, डबा खायला रोज शेजारी बसणारा. त्याने गाळण्या बदलल्या, नळ्या धुतल्या आणि आज काच परत गेल्याचं कळल्यावर एक पांढरं फडकं घेऊन तो भिंगवाल्यांसमोर येऊन उभा राहिला.

"सकाळपासून हवेच्या तोंडाशी बांधून ठेवलं होतं. दाखव यात तेल कुठे आहे ते," तो म्हणाला. "साहेबाचं मला काही नाही रे. तू तरी माझ्यावर ढकलायचं नव्हतंस."

फडकं खरोखरच पांढरं होतं. तो गेल्यावर भिंगवाल्यांनी पाकिटातली कोरी काच काढून, न पुसता, तिरक्या झोतात बघितली. काही नव्हतं. मग रोजच्यासारखे हातमोजे चढवले, काच रोजच्यासारखी धरली, पुसली आणि पुन्हा झोतात धरली. सरळ बघितलं तर काच चकचकीत होती. तिरकं बघितल्यावर कडेपासून आत गेलेला एक पुसट पट्टा दिसला, त्यांचं बोट टेकायचं बरोबर त्या जागी. मोजे घालताना उघड्या बोटांनी ओढून बसवावे लागतात. नखांच्या कडांना राहिलेलं तेल तेवढ्यात मोज्याच्या बाहेरच्या बाजूला लागत होतं.

इतकी वर्षं ते दुसऱ्यांच्या हातांना नावं ठेवत आले होते. त्यांना लाज वाटली. ते आधी कॉम्प्रेसरवाल्याकडे गेले आणि चूक माझी होती म्हणाले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि वहिनींचा हात कसा आहे एवढंच विचारलं. मग ते सुपरवायझरकडे गेले.

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. तेल लावायला घरी बाई ठेवा म्हणाला, तुमच्यासारखा हात मला दुसरा मिळणार नाही म्हणाला. हे दुसरं वाक्य भिंगवाल्यांना सुखावून गेलं. त्यांनी घरी आधी हातमोजे घालून मालिश करून पाहिली. बायको छताकडे बघत राहिली. मग बाई ठेवली. बाई कामाला चोख होती, चोळायचीही जोरात. काचा टिकायला लागल्या, ऑपरेटर खूश झाला आणि भिंगवाले पुन्हा ताठ मानेने खोलीत बसू लागले.

घरी मात्र बायको गप्प झाली होती. सबंध संसारात जिने पंख्याच्या आवाजापासून शेजारणीच्या चपलांपर्यंत प्रत्येक गोष्टीची तक्रार केली, ती आता कशाचीच करेना. बाई आली की डोळे घट्ट मिटून पडायची. एका संध्याकाळी भिंगवाल्यांच्या लक्षात आलं की हात आणखी वर दुमडला आहे आणि तो दिसू नये म्हणून ती त्याच्यावर चादर ओढून घेते आहे. ते पलंगाच्या कडेला बसले.

"दुखतोय का?"

"नाही."

"बाईला नीट चोळू देत नाहीस का तू?"

"परकी बाई. अंग आपोआप आखडतं." थोडं थांबून तिने पुढचे शब्द जुळवले. "राहू द्या. तुम्ही कामाचं बघा. तुमच्या काचा टिकतायत ना? हा हात काय, तसाही गेलेलाच आहे."

ती रागाने बोलली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ती हिशोब सांगितल्यासारखं बोलली आणि तो हिशोब तिला पटलेला होता. हात सुधारणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण तो टाकून द्यायचा, असं आपण कधी ठरवलं, हे त्यांना आठवेना. ते उठले, तेल कोमट करून आणलं आणि चादर बाजूला केली. बराच वेळ चोळल्यावर कोपर थोडं सुटलं. ती तशीच झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेची खोली सोडली. सुपरवायझरने बरंच समजावलं, मग कापलेले सुटे भाग वेचून लावायच्या कामावर त्यांना घेतलं. तिथे जाड कातडी मोजे घालायचे असतात आणि आत हात कसे आहेत हे कुणी बघत नाही. बायकोला त्यांनी सांगितलं की वरूनच बदली झाली. तिने विश्वास ठेवला नाही, पण त्या संध्याकाळी डाव्या हाताने उजवा हात उचलून तो तिने आपणहून त्यांच्या मांडीवर ठेवला.

काचेच्या खोलीत तपासणी विभागातल्या एक बाई आल्या. कामाला चांगल्या होत्या, पण सुरुवातीला कुणालाही वाटते तशी भीती त्यांना वाटत होती. एकदा दुपारी त्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि भिंगवाल्यांना म्हणाल्या, दादा, ही काच जरा बघता का.

भिंगवाले दारापर्यंत गेले, आत गेले नाहीत. बाईंनी काच त्यांच्यापुढे धरली. भिंगवाल्यांनी लोखंडाच्या चुऱ्याने माखलेले मोजे काढून काखेत धरले, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवले आणि मान पुढे काढून वाकले.

"झोत तिरका करा," ते म्हणाले. "अजून थोडा. कडेला डाग आहे, दिसला? नवीन बोळा घ्या. दाबू नका, नुसता फिरवा."

बाईंनी पुसली. त्यांनी पुन्हा बघितली, मान हलवली आणि परत निघाले. पत्र्यांच्या ढिगापाशी पोचेपर्यंत हात त्यांनी तसेच पाठीमागे धरून ठेवले होते.